मारिटच्या काड्या

हिल्काच्या वर्गातला योरिट मंगळवारी नऊ वर्षांचा झाला. वर्गात गाणं म्हणून झालं, केक वाटून झाला, आणि रिवाजाप्रमाणे उरलेलं तबक घेऊन तो दोन मित्रांबरोबर बाकीच्या वर्गांतल्या बाईंना द्यायला निघाला. दाराबाहेर पडल्यावर तो आधी डावीकडे वळतो की उजवीकडे, हे हिल्का फळा पुसता पुसता बघत होती. तो उजवीकडे वळला. उजवीकडे मारिटचा वर्ग. गेल्या दोन वर्षांत वाढदिवसाचं एकही पोर आधी डावीकडे वळलं नव्हतं.

"वळू देत," ती स्वतःशीच म्हणाली, आणि केव्हाच स्वच्छ झालेला फळा पुसत राहिली.

आता खरं सांगायचं तर हिल्काच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं औषधाने बरं होणारं नव्हतं. पाचव्या गटाच्या, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या, दोन तुकड्या. एक तिची, सव्वीस वर्षं. दुसरी मारिटची, दोन वर्षं. पूर्वी आईबाप शाळेच्या फाटकाशी सायकल लावून विचारायचे, "आमचा पोरगा तुमच्याकडेच येईल ना?" आता तेच आईबाप तिला विचारायचे, "मारिटच्या वर्गात घालायचं तर कुणाला भेटायचं?" मत्सर हा शब्द हिल्का तोंडावाटे काढत नसे. "मला आपलं खटकतं," एवढंच ती म्हणायची. खटकायचं मात्र रोज.

सगळ्यात जास्त खटकायच्या त्या काड्या. मारिटच्या टेबलावर पांढऱ्या एनॅमलचा एक कप होता आणि त्यात आइस्क्रीमच्या चोवीस काड्या. मुलं चोवीस, काड्याही चोवीस. तिच्या वर्गात हात वर करायला बंदी होती. मारिट प्रश्न विचारायची, मुलांना शेजाऱ्याशी बोलून विचार करायला वेळ द्यायची, मग कप खुळखुळवून एक काडी काढायची आणि तिच्यावरचं नाव वाचायची. कुणाची पाळी येईल याचा भरवसा नाही, म्हणून सगळीच जागी. हिल्काच्या वर्गात रोज तेच पाच हात वर जायचे आणि बाकीचे खिडकीतून कालव्यातली बदकं मोजायचे. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, म्हणून तर जास्त झोंबायचं.

त्यातच रूलोफने, म्हणजे मुख्याध्यापकाने, जागा जाहीर केली. आठवड्यातून एक दिवस वर्ग दुसऱ्याकडे सोपवायचा आणि बाकीच्या शिक्षकांचे तास बघून त्यांना हात द्यायचा, अशी मार्गदर्शकाची जागा. ही जागा आपलीच, असं हिल्काने केव्हाच गृहीत धरलं होतं. त्यासाठी दोन वर्षं दर बुधवारी, अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की तोंडावर वारा घेत अकरा किलोमीटर सायकल मारून तिने मार्गदर्शकाचा अभ्यासक्रम पुरा केला होता. निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती. ही जागा हुकली तर दुसरी येणार नव्हती.

"अर्ज दोन आलेत," शिक्षकांच्या खोलीत कॉफी ओतताना रूलोफ म्हणाला. "हिल्का आणि मारिट. तुम्ही दोघी एकमेकींचा एक तास बघा. नेहमीचाच कागद. सोमवारी सगळ्यांसमोर वाचू."

नेहमीचा कागद म्हणजे दोन रकाने. डावीकडे 'टॉप', काय छान होतं ते. उजवीकडे 'टिप', काय सुधारता येईल ते. या शाळेत पोरांपासून मुख्याध्यापकापर्यंत सगळ्यांना हा कागद भरावा लागे.

"मजा येईल!" मारिट म्हणाली.

"येईल की," हिल्का म्हणाली. एक बिस्किट घेऊन तिने डब्याचं झाकण बंद केलं. मारिटचा हात डब्यापर्यंत पोचला होता.

गुरुवारी हिल्का मारिटच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसली. सातचा पाढा चालला होता. तिने पेनाचं टोपण काढलं ते उजव्या रकान्यावरच.

"सात सक बेचाळीस येत असेल," मारिट म्हणाली, "तर सात साते किती, हे पाढा न म्हणता कसं काढाल? शेजाऱ्याला सांगा."

वर्ग कुजबुजू लागला. मारिट बाकांमधून फिरत होती, कुठे वाकून ऐकत होती, कुठे दोन शब्द बोलत होती. मग पुढे आली, कप खुळखुळवला, एक काडी काढून डोळ्यांसमोर धरली.

"सित्स्का!"

हिल्काने मान वर केली. सित्स्का म्हणजे ती लाल स्वेटरवाली. मैदानावर देखरेखीची पाळी असताना हिल्काने तिला 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आता बसली तोंड शिवून, असं हिल्काला वाटलं, आणि तसं वाटून बरंही वाटलं.

"बेचाळीसमध्ये अजून एक सात घालायचे," सित्स्का म्हणाली. आवाज मागच्या बाकापर्यंत स्पष्ट आला. "एकोणपन्नास. असंच पुढे छप्पन्न पण येतं."

पोर बोललं याचा आनंद व्हायला हवा होता. सव्वीस वर्षं जी बाई हेच करायला धडपडली, तिला तर आधी व्हायला हवा होता. झाला नाही. 'माझ्या वर्गात का नाही?' एवढंच मनात आलं.

पण मत्सराची नजर मोठी तेज असते. पुढच्या तीन काड्या निघाल्या तेव्हा हिल्का मुलांकडे बघतच नव्हती, मारिटच्या डोळ्यांकडे बघत होती. आणि तिला दिसलं: मारिट आधी मुलाकडे बघते, काडी मागून निघते.

शाळा सुटल्यावर, मारिट फाटकाशी मुलांना निरोप देत असताना, हिल्का पेन विसरल्याचं निमित्त काढून त्या वर्गात शिरली. कप उचलला. एक काडी काढली. कोरी. उलटी करून बघितली, कोरी. दुसरी, तिसरी. चोवीसच्या चोवीस कोऱ्या!

अचानक सुट्टी जाहीर झालेल्या पोरासारखी ती हरखली. घरी जाताना वारा तोंडावरच होता, पण तिला तो जाणवला नाही.

सोमवारी आधी मारिटने आपला कागद वाचला. "टॉप. हिल्का चुकलेल्या उत्तराला चूक म्हणत नाही. 'कसं काढलंस ते दाखव' म्हणते, आणि पोराला आपली चूक आपणच सापडते. मी हे कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. शुक्रवारपासून मी हेच करतेय. दुसरं, ती कुणालाही घाई करत नाही. टिप एकच. मागच्या रांगेतल्या पोरांनाही हे मिळायला हवं."

"वा," टीनेका म्हणाली. ती पहिल्या गटाची बाई, आणि कुठेही चांगलं दिसलं की तिचे डोळे भरून यायचे.

गोड बोलून खिशात घालतेय, हिल्काच्या मनात आलं. मागच्या रांगेचं तर तिला चांगलंच लागलं होतं. तिने आपला कागद उघडला. डावा रकाना रिकामा होता.

"मी टिपेपासून सुरू करते," ती म्हणाली. "मारिट, तुझा कप आण ना."

"आत्ता?"

"सगळ्यांनाच त्या काड्यांचं एवढं कौतुक आहे. आण."

मारिट कप घेऊन आली. तिचे कान लाल झाले होते.

"आता खुळखुळव. काढ एक. वाचू नकोस, माझ्याकडे दे. मी वाचते."

मारिटने काडी दिली नाही. कप टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "कोऱ्या आहेत."

कुणीतरी फिसकन हसलं. टीनेकाच्या हातातली कॉफी तशीच राहिली. काड्या मारिटच्या होत्या, पण काडी लावली ती हिल्काने.

"मी आधी बाकांमधून फिरते," मारिट म्हणाली. "कुणाला आलंय ते ऐकते. जो कधी बोलत नाही, त्याला बरोबर आलेलं असतं तेव्हाच त्याचं नाव घेते. मी निवडलं असं कळलं तर तो घाबरतो. काडी निघाली म्हटलं की त्याला वाटतं, असेल आपला योग. सित्स्का ऑक्टोबरपर्यंत एक अक्षर बोलत नव्हती."

"म्हणजे मुलांना फसवायचं," हिल्का म्हणाली. "मला तुझ्याबद्दल काही नाही हं, मारिट. पण आपण सरळ माणसं. जे आहे ते तोंडावर बोलतो. मुलांना सांगायचं चिठ्ठ्या टाकल्यासारखं आहे, पालकांना सांगायचं सगळ्यांना सारखी संधी आहे, आणि कपात काही नाहीच. हे मला खटकतं."

शब्द अगदी खरे होते. या गावात सरळ बोलण्याला फार मान, आणि सरळ बोलणारा कशापोटी बोलतोय हे विचारायची इथे पद्धत नाही. हिल्कालाही त्या क्षणी मनापासून वाटत होतं की ती फक्त खरं तेच बोलतेय.

रूलोफने चष्मा काढून पुसला. "पालकसभेत मीच सांगितलंय, की काडी निघेल त्याची पाळी. ठरलं म्हणजे ठरलं, मारिट. काड्यांवर नावं लिही. मुलांना काही सांगायची गरज नाही."

"रूलोफ, माझं ऐक तर..."

"नावं लिही." मग तो हिल्काकडे वळला. "सहा जणांनी तिचे तास बघितले. मीसुद्धा. हे एकाच्याही डोळ्याला दिसलं नाही. इतकं बारीक बघणारं आणि बघितलेलं स्पष्ट बोलणारं माणूसच या जागेवर हवं."

टाळ्या वाजल्या. मारिटनेही वाजवल्या. डाव्या रकान्याबद्दल कुणी विचारलंच नाही.

तीन आठवड्यांनी मार्गदर्शक म्हणून हिल्काचा पहिला दिवस आला. नव्या वेळापत्रकात पहिलाच तास मारिटचा होता. ती मागच्या बाकावर बसली. मनातलं दुखणं बरंचसं उतरलं होतं. जिंकल्यावर माणूस उदार होतो. आज डावा रकाना भरायचाच, असं ठरवून ती आली होती.

आठचा पाढा होता. मारिट बाकांमधून फिरली नाही. फिरून आता उपयोग काय होता? प्रश्न विचारला, वेळ दिला, कप खुळखुळवला, काडी काढली आणि वाचली. "सित्स्का."

सित्स्का उभी राहिली. वर्ग वळून बघू लागला.

"कसं काढशील ते दाखव हवं तर," मारिट हळू आवाजात म्हणाली. "घाई नाही."

हिल्काचेच शब्द होते ते, हिल्काच्याच सुरात. सित्स्काने तोंड उघडलं आणि मिटलं. मानेपासून कानापर्यंत लाल झाली. मारिट थांबली, मग अजून थांबली, मग म्हणाली, "बरं, बस बाळा." दुसरी काडी काढली. तासाभरात सित्स्काचं नाव पुन्हा एकदा निघालं. या वेळी ती उठलीच नाही. स्वेटरच्या बाह्या तिने बोटांवर ओढून घेतल्या.

घंटा झाली. मुलं डबे घेऊन बाहेर पळाली. मारिट हिल्काच्या बाकाशी आली. रागावलेली नव्हती, आणि हिल्काला तेच जास्त जड गेलं.

"आज एकही खोटी काडी काढली नाही," मारिट म्हणाली. "आता टॉप लिही."

ती फळा पुसायला गेली. हिल्का पेन धरून तशीच बसली. ही पोरगी मला कधीच जमलं नाही ते करत होती, आणि ते मला बघवलं नाही. असं ते वाक्य मनात उमटलं, अगदी सरळ, तिला आवडायचं तसंच. फक्त ते तोंडावर बोलायला तिची जीभ रेटेना.

"बाई."

सित्स्का बाकाशी उभी होती. सगळे गेल्यावर मागे रेंगाळली असावी. इतकं जवळून ती हिल्काशी कधी बोलली नव्हती.

"काय गं?"

"तुम्ही बघायला आलात ना, म्हणून विचारते." तिने मारिटच्या पाठीकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज अजून बारीक केला. "आधी माझं नशीब चांगलं होतं. मला येत असलं ना, की बरोबर माझीच काडी निघायची. दर वेळी. आईला पण मी सांगितलं होतं. आता येत नसलं तरी निघते. असं का झालं?"

हिल्काने फळ्याकडे बघितलं. मारिटचा हात पुसता पुसता थांबला होता, पण ती वळली नाही.

"नशीब आहे बाळा," हिल्का म्हणाली. "त्यात कुणी काही करत नाही."

सव्वीस वर्षांत ती पोराशी पहिल्यांदा खोटं बोलली. सित्स्काने मान डोलावली. बाईंचं तिला पटलं होतं.