शेजारचा केर

शकुबाई उलटं झाडत होत्या. शेजारच्या अमिताच्या दारापुढचा फटाक्यांचा जळका कागद त्या खराट्यानं आपल्या दारापुढे ओढत होत्या. लक्ष्मीपूजनाची रात्र सरून नुकतं उजाडलं होतं आणि पांढुर्ण्याची ती गल्ली अजून उठायची होती.

दरवर्षी सगळ्यांत जास्त केर त्यांच्याच दारापुढे पडायचा. मुलगा प्रफुल्ल पुण्याहून बायकापोरांसह यायचा. प्रणाली आणि कुणाल ही नातवंडं लडीवर लड लावायची, आणि सकाळी शकुबाई कुरकुरत झाडायच्या. यंदाही लेक येणार म्हणून त्यांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं. काल दुपारी त्याचा फोन आला, सुटी मिळाली नाही म्हणून. पूजा उरकून त्या लवकर अंथरुणावर पडल्या. बाहेर फटाके वाजत राहिले. सकाळी पाहिलं तर गल्लीभर लाल कागदाचा सडा, आणि त्यांच्या दारापुढे तेवढी कोरी जमीन. ती त्यांना बघवेना.

फुलबाजीची जळकी तार पायरीशी ठेवायला त्या वाकल्या, तोच मागे चाक करकरलं. नगरपालिकेची चंद्रकला कचऱ्याची गाडी घेऊन उभी होती. कधीची, कोण जाणे.

"प्रफुल्ल नाही आला वं," शकुबाई हळूच म्हणाल्या.

चंद्रकलानं त्यांच्या हातून खराटा घेतला, भिंतीला टेकवला आणि आपल्या झाडूनं तो केर गोळा करू लागली. तेवढ्यात अमिता दात घासत बाहेर आली. तिनं आपलं दार पाहिलं. रात्रीचा एवढा कचरा, आणि आता कपटाही नाही. मग तिची नजर शकुबाईंच्या दाराकडे गेली. शकुबाईंनी मान खाली घातली.

"किती कचरा करून ठेवला पोट्ट्यायनं," चंद्रकला मान वर न करताच म्हणाली. "माहे हात दुखून राहिले."

अमितानं भिंतीला टेकवलेला खराटा पाहिला आणि तोंडातला ब्रश काढला.

"हाव नं. काकू, लय आवाज होता रात्री तुमच्याकडं," ती म्हणाली, आणि हलकेच आत गेली.

चंद्रकलानं ढीग गाडीत भरला आणि ती पुढच्या दाराकडे वळली. हळूहळू गल्ली सारखी झाली. कोणाकडे कोण आलं होतं आणि कोणाकडे नाही, हे आता रस्त्यावरून सांगता आलं नसतं.

शकुबाई पायरीवर टेकल्या. बोटांना फटाक्यांच्या दारूचा वास लागला होता. नातवंडं झोपायला कुशीत शिरत तेव्हा त्यांच्या हातांना यायचा, तोच. उन्हं अंगणात आली तरी त्यांनी हात धुतले नाहीत.