न झिजलेला ठोकळा

पाण्याच्या पाइपलाइनीलगतच्या चाळीसच्या चाळीस तपासणी-खांबांवर मीटर तोच रडका आकडा दाखवत होतं आणि साहेबांचं उत्तरही तेच होतं, "चाळीस खांब एकदम बिघडतात का? मीटर बदला." तिने तीन महिन्यांत तीन मीटर बदलली. तिच्याआधीचा मोजणीवाला ऑफिसातच पंख्याखाली बसून आकडे भरायचा. ते आकडे कसे अगदी गुणी! शेवटी नाकदुऱ्या काढून खणायची परवानगी मिळाली. खड्डा एकच, असं साहेबांनी दोनदा बजावलं.

खणायला तिचे सख्खे काका आले. दहा वर्षांपूर्वी या पाइपलाइनीशेजारचे मॅग्नेशियमचे सगळे ठोकळे, खांबागणिक एक, त्यांनीच पुरले होते. प्रत्येक ठोकळा तारेने पाइपाला जोडलेला. आपण झिजून जायचं आणि गावाला पाणी नेणारा पोलादी पाइप गंजापासून वाचवायचा, एवढंच त्याचं काम. ते होतंय की नाही, हे खांबाला मीटर लावलं की कळायचं.

कंबरभर खोल गेल्यावर काका खुलले. "बघ पोरी! जस्साच्या तसा! याला म्हणतात काम."

ठोकळा कापडी पिशवीत होता. आणि पिशवीवर, कारखान्यातून आलं तसं, जाड प्लास्टिक. तोंडाशी चिकटपट्टी.

"काका, हे प्लास्टिक काढून पुरायचं असतं."

"अगं, माती लागली असती."

"मातीच लागायला हवी होती! कापडातून ओल शिरल्याशिवाय तो झिजणार कसा?" तिने पाइप खरवडला. लेपाला तडे, खाली खळगा. करंगळीचं टोक आत बसलं. "त्याच्याऐवजी हा झिजलाय. आणखी वर्षभरात भोक पडेल."

काका खांबांच्या रांगेकडे बघत राहिले. "दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नव्हता मी," ते हळूच म्हणाले.

तिने साहेबांना फोन लावला.

"ठोकळे नवेकोरे? उत्तम! मग काळजीच मिटली. बुजवा खड्डा."

"साहेब, पण पाइप..."

फोन बंद. ओरडावं तर आता कोणावर?

काकांनी चाकूने प्लास्टिक कापलं, पिशवीवर दोन बादल्या पाणी ओतलं, माती लोटली. मग सवयीने प्लास्टिकची नीट घडी घालू लागले.

"ते फेका हो आधी!" ती कडाडली.

तासाभराने मीटरचा आकडा हलला. थोडासाच, पण हलला. तिने फावडं उचललं आणि पुढच्या खांबाची वाट धरली.

"अगं, परवानगी एकाच खड्ड्याची आहे ना?"

"मग हा खड्डा जरा लांबट आहे असं समजा. बादली आणा."