सातव्या पानावरचा तडा

मी एक कथा बोलतेय. अकरा पानांची, निळ्या शाईतली, अजून कुठेही छापून न आलेली. क्रेन चालवणाऱ्या एका माणसाने मला लिहिलं. त्याचं अक्षर असं, की त्याचं त्यालाच लागत नाही. म्हणून त्याची बायको मला स्वच्छ उतरवून काढणार होती.

कारखान्यात त्याची केबिन उंचावर. खाली त्याचा मेहुणा ओझ्याला साखळी बांधायचा. दोन वर्षांपूर्वी साखळी तुटली, लोखंडी तुळई कोसळली आणि मेहुण्याचा पाय गेला. ओझं वाकडं बांधलं म्हणून साखळी तुटली, असा ठपका त्याच्यावरच आला. नोकरीही गेली. आमच्या क्रेनवाल्याने चौकशीत सांगितलं होतं, "साहेब, मी वर होतो. वरून मला फक्त हात दिसतात."

त्यानंतर त्याला लिहायचा नाद लागला. वाचनालयात एक निवृत्त शिक्षिका कथालेखनाचा वर्ग घेतात. बाईंचा एकच हट्ट: ज्याच्या डोळ्यांनी गोष्ट सांगाल, त्याला दिसतं तेवढंच लिहा. भलेभले इथे घसरतात. मी केबिनमधल्या माणसाच्या डोळ्यांनी सुरू झाले आणि सहा पानं शिस्तीत चालले. हेल्मेटं, हातांच्या खुणा, धूळ, बस्स. सातव्या पानावर स्वारी रंगात आली आणि लिहून गेली, "तिसऱ्या कडीला केसाएवढा तडा होता. आत लाल गंज." हात जराही अडखळला नाही. अडखळले ती मीच.

बाईंनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं: "हे वरून दिसेल?" त्याने ते पाहिलंच नाही. बाई "छान" म्हणाल्या, एवढ्यावरच गडी खूश. मला बायकोच्या हाती देऊन तो अंघोळीला गेला.

तो डोकं पुसत बाहेर आला, तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेन खाली ठेवून बसली होती.

"अहो, ही कडी तुम्ही कधी पाहिलीत?"

"अगं, गोष्ट आहे ती. मनाने लिहिलंय."

"तिसरी कडी, लाल गंज, हेही मनाने?"

"लेखकाला तेवढी सूट असते. बाईंना विचार हवं तर."

"बाईंनीच विचारलंय." तिने समासावर बोट ठेवलं.

त्याने मला उचललं. बोटं माझ्या कडेवर अशी आवळली, की वाटलं, संपलं, आता हा मला फाडणार. पण त्याने मला परत टेबलावर ठेवलं.

"वर चढताना पाहिली होती," तो शेवटी म्हणाला. "जिन्याच्या कठड्याला टांगलेली, अगदी डोळ्यांसमोर. फोरमनची घाई चालली होती. म्हटलं, एवढी एक खेप होऊ दे, मग सांगतो."

"आणि चौकशीत?"

"जीभच रेटली नाही गं."

ती रडली नाही की ओरडली नाही. पायात चपला सरकवल्या. "चला. माझ्या भावासमोर वाचा."

मेहुणा घरी घड्याळं दुरुस्त करत बसला होता. "या दाजी! लेखक झालात म्हणे!" असं म्हणून तो हसला. त्या हसण्याने मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्रेनवाला वाचू लागला. सातव्या पानावरची ती ओळही त्याने गाळली नाही.

मेहुण्याने हातातला चिमटा खाली ठेवला.

"दोन वर्षं मी मनात ते ओझं बांधतोय, दाजी," तो म्हणाला. "रोज. कुठे चुकलो, ते सापडतच नाही. आणि तुम्ही दर रविवारी इथे बसून चहा पीत होतात."

"उद्या जातो साहेबांकडे. माझीही नोकरी जाईल."

"जाऊ दे," बायको म्हणाली.

क्रेनवाल्याने माझा समास धरला आणि बाईंच्या पेन्सिलीखाली शाईने लिहिलं, "नाही. मी चढताना पाहिलं होतं." खाली सही केली.

आता मी साहेबांच्या टेबलावर, फायलीत आहे. मला कुणी कथा म्हणत नाही, पुरावा म्हणतात. माझी त्याला ना नाही. साहेब, भाषा कच्ची आहे, शेवटही नीट जमलेला नाही, ते सगळं सोडा. फक्त सातवं पान वाचा. बाहेर बाकावर कुबड्या घेऊन एक माणूस बसलाय. आपली काहीच चूक नव्हती, हे त्याला एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय.