हर्षाच्या गळ्याचं माप

आईला सेंटिमीटर सांगून काही उपयोग नव्हता. फोनवरून गळा मोजता येत नाही, असं म्हणून तिनं विषय संपवला. म्हणून मी माझ्या मुलीच्या, हर्षाच्या गळ्याभोवती लाल दोरा धरला, टोकं जुळली तिथे गाठ मारली आणि पाकिटात घालून जर्मनीतल्या हायडेलबर्गहून धडगावला पाठवला. आम्ही सातपुड्यातले पावरा आदिवासी. आमच्या घरात मण्यांची गळपट्टी दोऱ्याच्या मापानंच होते. गळ्याला लागून, एक बोट जाईल एवढीच सैल.

हर्षा सप्टेंबरात शाळेत जाणार होती. आइनशुलुंगच्या, म्हणजे शाळाप्रवेशाच्या समारंभाच्या दिवशी तिच्या गळ्यात आजीच्या हातचं काहीतरी हवं, हा माझा हट्ट. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ती फोन ठेवायची. ही बहुधा तिची शेवटचीच पट्टी. खरं सांगायचं तर मला गावी न जाता आई हवी होती. सात वर्षांत एकदाही गेले नव्हते. आधी पीएचडी, मग बाळंतपण, मग इन्स्टिट्यूटमधली कराराची नोकरी. आजीनं हर्षाला अजून हातसुद्धा लावलेला नव्हता.

ऑगस्टमध्ये आईचं पार्सल त्सोलच्या, म्हणजे इथल्या कस्टमच्या ऑफिसात अडकलं. आत काय आहे, असं तिथल्या माणसानं विचारलं. मणी, मी म्हटलं. त्यानं फॉर्मवर 'फॅशनचे दागिने' असं लिहिलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पार्सल हवं होतं, म्हणून मुकाट्यानं सही केली.

घरी आल्या आल्या पट्टी हर्षाला घातली. पांढऱ्या मण्यांत लाल-निळे त्रिकोण, एक मणी इकडचा तिकडे नाही. पण पट्टी सैल पडली, चार बोटं आत जात होती. "त्सू ग्रोस," फारच मोठी, असं हर्षा म्हणाली आणि काढून टेबलावर ठेवून खेळायला गेली.

मी भडकले. भावाला, नागेशला फोन लावून त्याच्यावर तोंडसुख घेतलं. आईला दिसत नाही, तर माप तरी तू बघायचंस. तो शांतपणे म्हणाला, की दोरा पोचला त्या दिवसापासून आईनं तो मनगटाला बांधलाय, अंघोळीलाही सोडत नाही. मग त्यानं फोन तिच्याकडे दिला.

"आई, माप चुकलं गं."

"चुकलं नाही," ती म्हणाली. "तू तिला घेऊन येशील ना, तेव्हाच्या गळ्याचं केलंय."

यंदा दिवाळीला नक्की येते, असं मला म्हणायचं होतं. दर वर्षी मी ते म्हणायचे आणि दर वर्षी ती बरं म्हणायची. पलीकडे ती विचारत होती, पोरगी दारातून आत येते तेव्हा डोकं कुठवर पोचतं.

टेबलावरची पट्टी उचलून मी स्वतःच्या गळ्यात घातली. नीट बसली, एक बोट जाईल एवढीच सैल. आईनं हर्षा माझ्याएवढी झाल्यावरचंच माप धरलं होतं.