पक्कडकाकांचा पोपट

रडणारी पोरं केस कापायला पक्कडकाकांच्या खुर्चीत बसली की गप्प व्हायची. डाव्या हाताची दोन बोटं कानांमागे रुतवून काका मान अशी धरायचे, की पोराला हलायची सोयच उरायची नाही. "हलू नकोस!" एवढं एकदाच सांगायचे. म्हणून तर गल्लीतल्या मुलांनी त्यांना हे नाव ठेवलं होतं. काकांना त्याचा राग नव्हता, उलट अभिमान होता. त्यांच्या कात्रीने आजवर एकाही कानाला ओरखडा काढला नव्हता.

पण घरातलीच एक मान त्यांच्या हाती लागत नव्हती. चाळिशी उलटल्यावर काकांनी लग्न केलं. बायको विधवा, सोबत तिची आठ वर्षांची मुलगी. दुकानामागच्या दोन खोल्यांत तिघांचा संसार सुरू झाला. मुलगी जेवायची, अभ्यास करायची, सांगितलेलं ऐकायची. पण काकांना कुठल्याच नावाने हाक मारायची नाही. ना काका, ना बाबा. पाणी हवं असलं तरी आईच्या कानात सांगायची. पुढचे केस डोळ्यांवर आले, तरी खुर्चीत बसेना.

"जगाचे केस कापतो, आणि घरच्या पोरीच्या डोळ्यांवर झिपऱ्या!" काका चिडायचे. मनातून मात्र त्यांना फार लागायचं. इतक्या वर्षांनी घराला घरपण आलं होतं, आणि त्यातलं एक माणूस अजून पाहुण्यासारखं वागत होतं.

अशात बदली झालेल्या एका गिऱ्हाइकाने आपला पोपट पिंजऱ्यासकट काकांना देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी मुलगी आपणहून दुकानात आली आणि पिंजऱ्यापाशी स्टूल ओढून बसली. काकांना आभाळ ठेंगणं झालं. याचा लळा लागला की घराचाही लागेल! पण काकांचा हात आत गेला की पोपट कोपऱ्यात जाऊन फडफडायचा. एकदा तर त्याने त्यांचा अंगठाच फोडला.

"याला वळण लावायला हवं," सुट्टीच्या दिवशी काका म्हणाले. "पंख जरा छाटले की उडायची मस्ती जाईल. मग बसेल मुकाट्याने हातावर. केस कापतो, पिसं ती काय!"

त्यांनी पोपटाला पांढऱ्या टॉवेलमध्ये गुंडाळलं, दोन बोटांत त्याचं डोकं धरलं आणि एक पंख बाहेर काढला. पोपट धडपडला आणि मग थांबला.

"सोडा ना त्याला!" दारातून आवाज आला. मुलगी पहिल्यांदाच थेट त्यांच्याशी बोलली होती. कामाच्या भरात ते काकांच्या लक्षातही आलं नाही.

"अगं, बघ कसा गप्प झालाय. कळलं त्याला."

"कळलं नाही. घाबरलाय तो!"

कात्री चालली. एक पीस पडलं, दुसरं पडलं. तिसऱ्याला पोपट किंचाळला आणि टॉवेलवर लाल डाग पसरला! ते पीस नुकतंच उगवत होतं, आणि त्याच्या कोवळ्या देठात रक्त होतं. काकांना हे कुठून ठाऊक असणार? केसांत रक्त नसतं.

"आई!" मुलगी ओरडली. सवयीने काका तुरटी शोधू लागले.

"ते राहू द्या, झोंबेल त्याला!" बायको स्वयंपाकघरातून रक्त थांबवायला पीठ आणि कापूस घेऊन धावली. "पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन लावा आधी!"

डॉक्टरांनी सांगितलं, हलकं दाबून धरा, थांबलं नाही तर लगेच घेऊन या. तिघंही कापसाकडे बघत राहिले. पहिला बोळा भिजला, दुसराही लाल झाला. तिसऱ्या बोळ्यावर नुसता ठिपका उमटला, तेव्हा कुठे काकांचा जीव भांड्यात पडला. पिंजऱ्यावर चादर टाकून सगळे मागे सरले.

मुलीने आईचा हात धरला. "आई, आपण आपल्या घरी कधी जायचं?"

काका खाली मान घालून आपल्याच खुर्चीत बसले. मुलगी आत गेल्यावर बायको जवळ आली.

"मी या घराची घडी बसावी म्हणूनच करत होतो गं," ते म्हणाले.

"माहितेय मला. पण आठवतंय का? मी शिवणकामाला या दुकानावरून जायचे. वर्षभर तुम्ही नुसती मान हलवलीत. वाट अडवली नाहीत, मागे आला नाहीत. घाई केली असतीत, तर मी रस्ताच बदलला असता. माझ्यासाठी एवढं थांबलात, मग एवढ्याशा पोरीसाठी धीर का सुटला?"

काकांच्या डोळ्यांसमोर खुर्चीतली सगळी गप्प पोरं उभी राहिली. अरेरे! ती शहाणी झाली नव्हती, भेदरली होती!

त्या दिवसापासून काका पिंजऱ्यात हात घालेनासे झाले. दार उघडं ठेवायचे, तळहातावर सूर्यफुलाच्या बिया घ्यायचे आणि पाठ वळवून पेपर वाचत बसायचे. दुकानातही मूल रडलं की कात्री खाली ठेवून थांबायचे. "काय काका, पक्कड गंजली वाटतं!" गिऱ्हाइकं टोमणे मारायची. कंटाळून काही उठूनही गेली. काकांनी कुणाला अडवलं नाही.

छाटलेली पिसं झडून नवी आली. तरी पोपट लांबच होता, आणि मुलगी स्टुलावर बसून दोघांकडे पाहत होती. एका दुपारी पंखांचा आवाज झाला. पोपट खुर्चीच्या पाठीवर उतरला, तिथून हातावर चढला. काकांनी दचकून मान वळवली.

"हलू नका!" मुलगी कुजबुजली.

काका हलले नाहीत. हाताला मुंग्या आल्या, डोळ्यांत पाणी आलं, तरी हलले नाहीत. पोपटाने सावकाश सगळ्या बिया फोडून खाल्ल्या आणि तो आपणहून पिंजऱ्यात गेला.

मुलगी उठली. खुर्चीवर चढून बसली. "पुढचेच कापायचे. आणि धरायचं नाही."

"नाही धरणार."

काकांनी हातात फक्त कंगवा आणि कात्री घेतली. ती मधेच वळली, मधेच शिंकली. दर वेळी काका थांबले.

"तिरके झालेत," ती आरशात बघून म्हणाली.

"झालेत खरे," काकांनी कबूल केलं.

"असू देत. वाढले की परत कापा."

वाचकहो, आपल्याही बोटांत कुणाची ना कुणाची मान असते. मुलाची, सुनेची, हाताखालच्या माणसाची. ते गप्प आहेत म्हणून आपण खूश असतो. एकदा बोटं सैल करून बघा! जो उडून जाऊ शकतो आणि तरीही येऊन बसतो, तोच आपला.