चाळिसावा संगणक

ऑफिसातल्या चाळीस संगणकांपैकी एकोणचाळिसांत हेरगिरी करणारा प्रोग्राम सापडला, आणि संशय आला तो चाळिसाव्यावर. आता हसाल, पण त्या दिवशी मीटिंगमध्ये कुणीही हसलं नाही. मी तर मुळीच नाही, कारण ती यादी मीच मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवली होती.

आम्ही पुठ्ठ्याची खोकी बनवतो. आमच्या नव्या खोक्याचं डिझाइन दुसऱ्याच कंपनीनं आमच्याआधी बाजारात आणलं, तेव्हा साहेब खवळले. त्यांनी तपासणीचा नवा प्रोग्राम आणवला. माझ्या टेबलावरून एक बटण दाबलं की सगळे संगणक तपासून होतात. इथली यंत्रं मी सांभाळतो, म्हणून बटण मीच दाबलं.

चाळिसावा संगणक ऑर्डर घेणाऱ्या बाईंचा, म्हणजे माझ्या सख्ख्या वहिनींचा. साहेबांचा हिशेब सरळ होता: गल्लीत सगळ्यांकडे चोरी झाली आणि एकच घर सुटलं, तर चोर राहतो कुठं? सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. खोटं कशाला सांगू, जरा बरंही वाटलं. चार महिन्यांपूर्वी व्हायरस पकडणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन मी टेबलाटेबलाशी फिरलो होतो, तेव्हा फक्त वहिनींनी हात लावू दिला नव्हता. हे कुठून आणलंत, कुणाला विचारलंत, आधी लेखी द्या, मग घाला, म्हणाल्या. चार लोकांत माझी शोभा झाली. मी वहीत 'सहकार्य नाही' असा शेरा मारून टाकला होता.

साहेबांनी त्यांना चार वाजेपर्यंत राजीनामा द्यायला सांगितलं, नाहीतर पोलीस. अठरा वर्षांची नोकरी. आणि मला इथं चिकटवलं तेही त्यांनीच, साहेबांकडे खेपा घालून. वहिनींनी राजीनामा लिहून दिला आणि राहिलेल्या ऑर्डरी भरायला बसल्या.

मी अहवाल लिहायला घेतला. हेर कुठल्या संगणकात कधी शिरला, त्याची तारीख-वेळ प्रोग्राम दाखवत होता. सगळ्यात आधी माझ्याच संगणकात. मग रिसेप्शन, पाच मिनिटांनी हिशेब विभाग, मग जेवणाची सुट्टी, मग गोदाम. मी ती शेऱ्याची वही काढून ताडून पाहिलं. ही तर माझीच फेरी! फुकट मिळतोय म्हणून मी जो प्रोग्राम उतरवून घेतला होता, त्याच्याच आत हेर होता आणि मी त्याला टेबलोटेबली पोचवून आलो होतो.

तारखांचा रकाना पुसायला दोन मिनिटं लागली असती. देवाशपथ, दोनदा बोट तिथवर गेलं. मग काचेपलीकडे वहिनी ड्रॉवर रिकामा करताना दिसल्या. चष्म्याचं घर, औषधाची पट्टी, माझ्या पुतणीचा शाळेतला फोटो, सगळं एका पिशवीत. मला माझीच लाज वाटली. यादी छापली आणि साहेबांसमोर ठेवली.

साहेबांनी ती वाचलीच नाही. वहिनीसाठी स्वतःच्या अंगावर घेतोयस, म्हणाले, असा दीर मिळायला भाग्य लागतं. त्यांचे डोळे चक्क पाणावले. मी शपथा घेतल्या, तारखांवर बोट ठेवून दाखवलं. ते आपले माझी पाठ थोपटत राहिले. शेवटी त्यांनी वहिनींना आत बोलावलं आणि तुमचा दीर तुमच्यासाठी काय करतोय बघा, असं कौतुकानं सांगितलं.

वहिनींनी यादी उभ्याउभ्याच वाचली. शेवटच्या ओळीपर्यंत.

"साहेब, वीस वर्षं मी यांना बघतेय," त्या म्हणाल्या. "घरात कप फुटला तरी हे मांजराचं नाव सांगतात. भावोजी स्वतः 'मी केलं' म्हणतायत, म्हणजे ते खरंच आहे."

साहेबांनी माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला. अर्धा तास घसा कोरडा करून मला जे पटवता आलं नव्हतं, ते त्यांना तेवढ्यात पटलं. वहिनींचा राजीनामा त्यांनी फाडला आणि कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.