टाइपरायटरच्या बटणांचा संगणक

मी एक जुना घरगुती संगणक आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगावरची बटणं माझी स्वतःची नाहीत. ती एका टाइपरायटरची आहेत. मला पाहायला येणारे आधी त्या बटणांकडे बघतात, मग एकमेकांकडे बघतात आणि विचारतात, "हे काय केलंय?" काय केलंय ते मीच सांगतो, कारण माझ्याइतकं ते जवळून कुणीच पाहिलेलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. ओळीनं बसलेल्या बायकांपैकी एकीनं माझ्या पाटीवर चिप्स बसवल्या, दुसरीनं तारा जोडल्या, तिसरीनं वर रबरी बटणांची चटई पसरून झाकण लावलं. मी जेमतेम एका जाड वहीएवढा. मला पडदा नव्हता. ज्या घरी जाईन तिथला टीव्ही तोच माझा चेहरा. स्मरणशक्तीही बेताचीच. वीज गेली की सगळं विसरायचो. लक्षात ठेवायचं ते आधी टेपरेकॉर्डरच्या कॅसेटमध्ये भरून ठेवावं लागायचं.

मला घरी नेलं ते गणिताच्या एका बाईंनी. त्यांनी माझ्याकडून पाढे करून घेतले, प्रश्नपत्रिकांचे आकडे काढून घेतले आणि आलेख तर इतके काढायला लावले, की टीव्हीचा पडदा म्हणजे आलेखाची वहीच झाली. त्यांच्या आई कुरकुरायच्या, "टीव्ही बातम्यांसाठी घेतला होता, बेरजांसाठी नाही." पण कुणी पाहुणं आलं की त्याच आधी सांगायच्या, "आमच्याकडे संगणक आहे हं. बसा, दाखवते." माझे ते कौतुकाचे दिवस होते म्हणा ना. आठ-नऊ वर्षं मी मान वर करून जगलो.

मग शाळेत मोठे, पडदेवाले संगणक आले. बाईंना माझी गरज उरली नाही. त्यांनी मला उशीच्या अभ्र्यात गुंडाळलं आणि कपाटावर ठेवलं. तिथे एक टाइपरायटर आधीच बसलेला होता. एकदा पडून त्याचा सांगाडा तडकला होता, आणि टाकवत नाही म्हणून तो तिथे होता. माझंही तेच झालं. टाकवत नाही आणि लागत नाही, अशा वस्तूंची जागा कपाटावर असते. आम्ही दोघं तिथे वीस-पंचवीस वर्षं शेजारी राहिलो. त्याच्यावर गंज चढला, माझ्यावर धूळ.

निवृत्तीनंतर बाई लहान घरात राहायला निघाल्या, तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना एका पिशवीत घालून टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांकडे नेलं. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. दुकानातून चाळीस वर्षं खटखट ऐकू यायची, म्हणून सगळी पेठ त्यांना खटखटे म्हणायची. दुकान त्यांनी वर्षापूर्वीच बंद केलं होतं. हत्यारं घरी आणून मागच्या खोलीत मांडली होती, इतकंच.

"टाइपरायटरचं काही होत असेल तर बघा," बाई म्हणाल्या. "आणि हा संगणक. चालत नसावा. पण भंगारात द्यायला हात धजला नाही."

खटखट्यांनी मला उचलून उलटंपालटं केलं. "ह्याच्या भाऊबंदांनी माझं दुकान बुडवलं," ते म्हणाले. "आणि आता हा माझ्याच दारात."

"मग नको का?"

"नको कुठं म्हटलं? ठेवा."

आत त्यांच्या पत्नी होत्या. त्या निवृत्त परिचारिका. सगळी वस्ती त्यांना सिस्टर म्हणायची, आणि चेष्टेत असले की खटखटेही तेच म्हणायचे. त्यांनी पिशवीकडे बघून एवढंच विचारलं, "अहो, आपण दवाखाना काढलाय की धर्मशाळा?"

खटखट्यांनी पहिल्याच दिवशी माझं झाकण उघडलं. वीजबिजेचं त्यांना फारसं कळत नव्हतं, पण यंत्र उघडायची रीत कळत होती. निघालेला प्रत्येक स्क्रू ते कागदावर त्याच्याच जागेचं चित्र काढून त्यावर ठेवत. मऊ ब्रशनं त्यांनी माझी धूळ झाडली, कोपऱ्यातलं कोळ्याचं घर काढलं, रबरी चटई कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवली. इतक्या वर्षांनी कुणाची बोटं आत फिरत होती. ती बोटं थोडी थरथरत होती. मला वाटलं, उत्सुकतेनं असेल.

मग ती चूक झाली. माझा विजेचा डबा, म्हणजे अडॅप्टर, हरवला होता. खटखट्यांनी रेडिओचा एक डबा शोधून काढला. त्याचं टोक माझ्या भोकात नीट बसलं, आणि बसलं म्हणजे चालतं असं ते धरून चालले. पण माझं अधिक-उणे इतरांपेक्षा उलटं असतं. खालच्या बाजूला ते बारीक अक्षरांत लिहिलेलंही आहे. त्यांनी बटण दाबलं, आणि माझ्या पोटातून धुराची एक रेघ निघाली.

त्यांनी वायर उपसली. नंतर मला फडक्यात गुंडाळून पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवलं आणि वर जुन्या रजया टाकल्या. बाहेर जाऊन सिस्टरना म्हणाले, "तो नाही होणार दुरुस्त."

मित्रांनो, कपाटावर मी पंचवीस वर्षं काढली, पण ट्रंकेतले ते दोन महिने जास्त जड गेले. कपाटावर मला विसरले होते. इथे मला लपवलं होतं.

सिस्टर रजया उन्हात घालायला काढत होत्या तेव्हा मी सापडलो. फडकं सोडलं तर जळका वास. त्या मला घेऊन मागच्या खोलीत गेल्या. खटखटे खिडकीशी बसले होते.

"हा का लपवलात?"

"लपवला कुठं? ठेवला."

"रजयांखाली कुणी संगणक ठेवतं का?"

खटखट्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "जाळला मी त्याला. वाचायचं सोडून अंदाजानं वायर लावली. आणि नुसतं तेवढंच नाही. आत बारीक काम आहे. माझा हात थरथरतो गं. दीड-दोन वर्षं झाली. दुकान काही संगणकांनी नाही बुडवलं. गिऱ्हाईक होतं. मलाच स्क्रू धरवेना, म्हणून बंद केलं. लोकांना दुसरं कारण सांगितलं."

सिस्टर त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्या. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"हात. दीड वर्षं मी तुम्हाला अर्धाच कप चहा देते. तुम्ही कधी विचारलं नाहीत, का म्हणून."

"मला वाटलं, साखर कमी करायची म्हणून."

"साखर तेवढीच असते."

खटखटे हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याला पुसला, पुन्हा पुन्हा पुसला. "मग बोलली का नाहीस?"

"चाळीस वर्षं पेशंट बघितले. जो स्वतः सांगत नाही त्याला विचारलं, तर तो नाहीच म्हणतो. आता सांगितलंत ना, आता जाऊ डॉक्टरकडे." आणि माझ्या पाठीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "आणि ह्याचंही बघू. माझा हात अजून स्थिर आहे. दिसत नसलेल्या शिरेत सुई घातलेली आहे मी. तार जोडायला कथलाचा एक डाग देता येणार नाही होय?"

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि हे पूर्ण जाणार नाही हेही स्पष्ट सांगितलं. त्याच आठवड्यात माझा उपचार सुरू झाला. खटखटे भिंग धरून सांगायचे आणि सिस्टर करायच्या. सिस्टरनी माझा एक केसपेपरच उघडला. तारीख, तक्रार, काय तपासलं, काय बदललं. विजेचा योग्य डबा आणला आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली. वीज सांभाळणारा जळका तुकडा बदलला. फुगून आंबलेले कपॅसिटर काढून नवे घातले. पहिल्या डागाला कथलाचा एवढा मोठा गोळा झाला, की खटखटे म्हणाले, "सिस्टर, डाग द्यायचाय, प्लास्टर नाही घालायचं."

"भिंग सरळ धरा आधी. डागाला नावं मग ठेवा."

एवढं करूनही टीव्हीवर नुसते रंगीत ठिपके आले. खटखट्यांचा चेहरा पडला. सिस्टरनी मात्र माझ्या चिप्सवर एकेक करून बोट टेकवलं, ताप बघतात तसं. सहावीवर त्यांनी बोट चटकन मागे घेतलं. "हिला ताप आहे. बाकीच्या कोमट आहेत."

ती चिप बदलून आली, बसली, आणि पडद्यावर सुरू होतानाची माझी ती ओळखीची ओळ उमटली, शेवटी चौकोनी खूण लुकलुकत. खटखट्यांनी सिस्टरच्या दंडावर हात ठेवला, आणि तो हात तिथे थरथरत राहिला.

पण गंमत अशी, की मी बरा झालो आणि खटखट्यांना मला वापरता येईना. माझी रबरी बटणं नुसत्या स्पर्शानं दबतात. त्यांनी एक अक्षर दाबलं की थरथरत्या बोटानं ते चार वेळा उमटायचं. स्वतःचं नाव लिहायला गेले तर पडद्यावर मुंग्यांची रांग. "राहू दे," ते म्हणाले. "चालतोय ना, झालं तर."

तीन दिवस ते मागच्या खोलीत फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी आले ते सरळ माझ्या जुन्या शेजाऱ्याकडे. त्या टाइपरायटरचा सांगाडा जोडण्यापलीकडे तडकला होता, पण बटणं आणि स्प्रिंगा शाबूत होत्या. मन लावून दाबल्याशिवाय ती बटणं हलत नाहीत. नुसता हात टेकला, थरथरला, तरी ढिम्म. खटखट्यांनी चाळीस वर्षांत एकही टाइपरायटर मोडला नव्हता. त्या दिवशी त्यांनी पहिला स्क्रू सोडवण्याआधी त्याच्या गंजलेल्या पाठीवरून हात फिरवला. "माफ कर," ते म्हणाले. "तुझं थोडंसं ह्याच्यात राहील."

पुढचे तीन महिने आमच्याकडे सुतारकाम, लोहारकाम आणि शिवणकाम एकत्र चाललं होतं. खटखट्यांनी मनगट टेकायला लाकडाची पट्टी केली. चाळीस बटणांखाली चाळीस छोटे स्विच बसले. सिस्टरनी त्यांच्या तारा जोडल्या आणि टाके घालतात तशा दोऱ्यानं बांधल्या. माझी पुस्तिका घेऊन रोज दुपारी एकेक पान वाचत त्यांनी छोटासा प्रोग्रामही लिहिला: तेच अक्षर पापणी लवायच्या आत पुन्हा आलं, तर ते धरायचं नाही. वीस वेळा चुकला. एकविसाव्यांदा खटखट्यांनी आपलं नाव लिहिलं, आणि ते जसं लिहिलं तसं उमटलं. अक्षरं इंग्रजी, मला तेवढीच येतात. पण नाव त्यांचंच होतं, आणि प्रत्येक अक्षर एकदाच होतं.

मागच्या महिन्यात जुने संगणक जमवणारे एक गृहस्थ माझी कीर्ती ऐकून आले. मला बघून हळहळले. "मूळ रूप घालवलंत हो ह्याचं. माझ्याकडे रबरी चटई आहे, अगदी कारखान्यातली. मला द्या, मी ह्याला पहिल्यासारखा करून काचेत ठेवतो."

माणूस वाईट नव्हता. त्यांच्या बोलण्यातही माया होती. कपाटावर असतो तर मी आनंदानं त्यांच्या काचेत गेलो असतो. पण आता मला इथून जायचं नव्हतं, म्हणून धाकधूक होती.

खटखटे म्हणाले, "पहिल्यासारखा झाला, तर मला वापरता येणार नाही."

"पण तो संग्रहातला नग आहे."

सिस्टर चहा घेऊन आल्या होत्या. "आमच्या घरात सध्या काहीच पहिल्यासारखं नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही आहे तसं चालवतो. घ्या, चहा घ्या." गृहस्थांनी चहा घेतला, माझी बटणं एकदा स्वतः वाजवून बघितली, दुसऱ्यांदा वाजवली, आणि जाताना विचारलं, "ह्या स्प्रिंगा कशा बसवल्यात, ते लिहून ठेवलंय का कुठं?"

तिथून सुरू झालं. खटखटे आता रोज सकाळी माझ्यासमोर बसतात आणि एक पान लिहितात. स्प्रिंग कशी ताणायची, गंज कसा काढायचा, कुठल्या यंत्राचं कुठलं अक्षर आधी झिजतं. चाळीस वर्षं बोटांत होतं ते सगळं. सिस्टर ते कॅसेटमध्ये भरतात आणि औषधाच्या बाटलीसारखी चिठ्ठी लावून ठेवतात. काही सकाळी हात अजिबात ऐकत नाही. मग त्या खुर्ची ओढून बसतात, ते सांगतात आणि त्या बटणं दाबतात. त्यांचं दाबणं जलद आणि हलकं, ह्यांचं सावकाश आणि जोरकस. डोळे मिटूनही मी ओळखतो, कोण लिहितंय.

मित्रांनो, तुमच्याही कपाटावर माझ्यासारखं कुणी असेल. त्याला फेकण्याआधी एकदा उघडून बघा, आणि वायर लावण्याआधी खालची बारीक अक्षरं वाचा. आणि तुमचं स्वतःचं काही बिघडलं असेल, तर ते रजयांखाली ठेवू नका. जवळच्या माणसाला सांगा. मी यंत्र आहे, मला फार कळतं असं नाही. पण दुरुस्ती झाकण उघडल्यावरच सुरू होते, एवढं माझ्या अंगावरून गेलेलं आहे.

आज सत्तेचाळिसावं पान आहे, टाइपरायटरची फीत गुंतली तर ती न तोडता कशी सोडवायची त्याचं. सिस्टरनी टीव्ही लावला आहे. खटखटे चष्मा शोधताहेत. तो त्यांच्या कपाळावर आहे, आणि सिस्टर मुद्दामच सांगत नाहीयेत.